पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. मंद गतीने डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करणारे बाळू विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातील सर्वांत प्रभावी गोलंदाजांपैकी एक मानले जात. मुंबईच्या तिरंगी व चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघात त्यांनी सर्वाधिक बळी मिळवले. चांभार जातीत जन्मलेल्या बाळूंना त्या काळच्या अस्पृश्यतेच्या रूढीमुळे मैदानाबाहेर वेगळी वागणूक सहन करावी लागली, आणि ज्येष्ठता व कर्तबगारी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. भारतातील दलित समाजातून राष्ट्रीय कीर्ती मिळवणारे ते पहिले क्रीडापटू समजले जातात. उत्तरायुष्यात ते राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी केली होती.

कुटुंब व बालपण

बाळूंचे मूळ गाव कोकणातील पालवण. गावाच्या नावावरून कुटुंबाचे आडनाव पालवणकर झाले. चामड्याचे काम हा जातीचा परंपरागत व्यवसाय असला, तरी एकोणिसाव्या शतकात कोकणातील अनेक अस्पृश्य कुटुंबांनी इंग्रजी फौजेत व तिच्याशी संलग्न कामांत नोकऱ्या धरल्या होत्या. पालवणकर कुटुंब त्यांपैकीच एक होते. वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे कुटुंब कोकण सोडून बाहेर पडले. बाळूंचा जन्म धारवाडला झाला आणि बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले.

छावणीच्या या वातावरणामुळेच त्यांचा क्रिकेटशी संबंध आला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. गावगाड्यात जातीने ठरवून दिलेली जागा सोडणे अवघड होते. छावणीत मात्र शिस्त, पगार आणि खेळ या तिन्ही गोष्टी अस्पृश्य मुलांच्या नजरेसमोर होत्या. कुटुंबाची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंना शाळा लवकर सोडून नोकरी पाहावी लागली, आणि ती नोकरी त्यांना क्रिकेटच्या मैदानावरच मिळाली.

मैदानावरील नोकर

पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात बाळू प्रथम कामाला लागले. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि प्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम असे. पगार महिना तीन रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले आणि पगार एक रुपयाने वाढला. येथे मैदानाची निगा राखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, खेळपट्टी तयार करणे आणि टेनिसच्या मैदानावर रेषा मारणे ही कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातील एका सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले आणि बाळूंच्या अंगचा गुण उघड झाला. तेथे खेळणाऱ्या एका डावखुऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची शैली पाहून त्यांनी आपली गोलंदाजी घडवली. पुढे हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेले आणि भारतातील युरोपियन संघाचे अग्रगण्य फलंदाज ठरलेले जे. जी. ग्रेग हे त्या वेळी पुण्यात होते. ते इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की ग्रेग दर वेळी त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा काहीही असला, तरी त्या काळातील एका उत्तम फलंदाजाला रोज चेंडू टाकल्याने बाळूंच्या गोलंदाजीला अचूकपणा व सहनशक्ती आली, यात शंका नाही.

या शिक्षणाला एक मर्यादा होती. पूना क्लबात बाळूंना असंख्य चेंडू टाकायला मिळाले, पण फलंदाजीची संधी मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे श्रम, अशी विभागणी वसाहतीच्या क्रिकेटमध्ये रूढ होती. बाळूंच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत गोलंदाजीच्या मानाने फलंदाजीची कामगिरी साधारण राहिली, त्याचे एक कारण या सुरुवातीत आहे.

पुण्याचा हिंदू संघ

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंचा संघ युरोपियन क्लबाशी सामने खेळत असे. त्या क्लबाचा नोकर असलेल्या बाळूंची कीर्ती हिंदू खेळाडूंपर्यंत पोचली, तेव्हा त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू सभासद त्यांना घेण्यास अनुकूल होते. ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. एका चांगल्या गोलंदाजाला जातीमुळे बाहेर ठेवणे हा हिंदूंचा तोटा आहे, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडल्याचेही सांगितले जाते. शेवटी युरोपियनांना हरवण्याच्या इच्छेने जातीच्या आग्रहावर मात केली आणि बाळू संघात आले.

हा प्रवेश मैदानापुरताच होता. खेळ चालू असताना बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्व खेळाडू झेलत आणि फेकत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना मात्र बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणासाठी त्यांचे ताट आणि मेज वेगळे असे. तोंड धुवायचे असल्यास अस्पृश्य जातीचा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी नेऊन देई.

त्यांच्या गोलंदाजीच्या जोरावर पुण्याच्या हिंदू संघाने अनेक सामने जिंकले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी झालेला सामना विशेष गाजला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी कठीण करून घेतली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना हिंदूंनी जिंकला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. सामाजिक सुधारणेच्या चळवळीतील अग्रणी नेत्याने एका अस्पृश्य तरुणाचा असा सत्कार करावा, याला पुण्यासारख्या शहरात मोठा अर्थ होता.

मुंबईत आगमन

१८९६ साली मुंबई प्रांतात प्लेगची साथ सुरू झाली. त्याच सुमारास बाळू पुणे सोडून मुंबईला आले. काही काळ ते लष्करी पलटणीकडून खेळले. त्यानंतर १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. येथेही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी विरोध केला होता, परंतु संघाच्या कप्तानाने त्यांची बाजू घेतली. पुढे बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि त्या रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले.

मुंबईचे क्रिकेट त्या काळी धर्मसमूहांच्या जिमखान्यांत विभागलेले होते. पारशांनी सर्वांत आधी हा खेळ आत्मसात केला आणि १८८६ व १८८८ साली इंग्लंडचे दौरेही केले. युरोपियन विरुद्ध पारशी हे वार्षिक सामने १८९० च्या दशकात सुरू झाले. हिंदूंना या स्पर्धेत स्थान मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्यामुळे बाळूंची उमेदीची वर्षे महत्त्वाच्या सामन्यांविना गेली. त्यांचा पहिला प्रथम श्रेणी सामना १९०५-०६ च्या हंगामातील आहे. त्या वेळी ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांच्या गोलंदाजीला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

१९०६ चा विजय

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा जोडल्या, आणि विजयासाठी २१२ धावांची गरज असलेला युरोपियन संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला. बाळू या विजयाचे प्रमुख शिल्पकार होते. शिवराम हेही या सामन्यात खेळले.

हा विजय अशा काळात मिळाला, की त्याचा अर्थ खेळापुरता राहिला नाही. १९०५ च्या बंगालच्या फाळणीमुळे देशभर स्वदेशीची चळवळ उसळली होती आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद वृत्तपत्रांतून व्यक्त झाला. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारणावादी साप्ताहिकाने मात्र या विजयाच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. अस्पृश्य खेळाडूला संघात घेतल्यामुळे हे यश शक्य झाले, हा मुद्दा त्याने मांडला. पुण्यातील खेळाडू बाळूंबरोबर केवळ खेळत, तर मुंबईतील खेळाडू त्यांच्याबरोबर जेवू लागले होते. त्या बदलाचीही या साप्ताहिकाने नोंद घेतली. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान खेळाडू होते. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग हे होते आणि त्यांचे वय त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. पाचव्या जॉर्जचा राज्यारोहण समारंभ त्याच उन्हाळ्यात असल्याने महाराज समारंभांत गुंतले आणि थोड्याच सामन्यांत खेळले. संघातील हिंदू खेळाडूंत बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते.

संघाची एकूण कामगिरी निराशाजनक झाली. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी त्याने दोन जिंकले, दहा गमावले आणि दोन अनिर्णित राहिले. या अपयशात बाळूंची कामगिरी वेगळी उठून दिसली. वयाची पस्तिशी गाठलेली असताना आणि खांदा दुखत असताना त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ बळी, प्रत्येकी सरासरी २०.१२ धावांत मिळवले. दौऱ्यातील सर्व सामने धरले तर त्यांच्या बळींची संख्या ११४ होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी होय. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी दोन्ही डावांत मिळून अकरा फलंदाज बाद केले. सॉमरसेटविरुद्ध संघाने एक गडी राखून मिळवलेल्या विजयात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढल्या. संघाचे दोन्ही विजय अशा रीतीने बऱ्याच अंशी पालवणकर बंधूंमुळे मिळाले.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या काळी अस्पृश्यांपैकी फारच थोड्या व्यक्तींची नावे देशभर ठाऊक होती आणि बाळूंचे नाव त्यांत अग्रभागी होते. तरुण वयातील भीमराव आंबेडकर यांनाही बाळूंबद्दल मोठा आदर होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंडच्या दौऱ्यानंतर बाळू हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. शिवरामखेरीज गणपत व विठ्ठल हे धाकटे बंधूही हिंदू संघात आले होते. चार सख्ख्या भावांनी एका प्रमुख संघाकडून खेळावे, ही भारतीय क्रिकेटमधील दुर्मिळ घटना होय. संघाची निवड गुणांवर होऊ लागली होती, परंतु कर्णधाराची निवड गुणांवर होत नव्हती. १९१० नंतर जवळजवळ दर वर्षी बाळूंना कर्णधार करावे अशी मागणी वृत्तपत्रांतून होई आणि दर वर्षी ती डावलली जाई.

कर्णधारपदाच्या आड येणारी अडचण क्रिकेटची नव्हती. कर्णधार म्हणजे ज्याच्या आज्ञा उच्चवर्णीय खेळाडूंनी मानायच्या, जो जिमखान्याच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करायचा आणि ज्याने समारंभात संघाच्या पुढे उभे राहायचे, अशी व्यक्ती. अस्पृश्य गोलंदाजाने बळी मिळवून दिलेले चालत होते, पण त्याने हुकूम सोडलेला चालत नव्हता. या काळात हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै हे होते. ते स्वतः चांगले खेळाडू होते आणि १९११ च्या दौऱ्यात बाळूंचे सहकारी होते. १९१३ साली आपल्या सत्काराला उत्तर देताना पै यांनी हा मान खरे पाहता बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. कर्णधाराने स्वतः दिलेल्या या कबुलीनंतरही निवड समितीचा निर्णय बदलला नाही.

१९२० साली हा वाद टोकाला गेला. त्या वर्षी चौरंगी सामन्यांतील हिंदूंच्या मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी असल्याने खेळू शकत नव्हते, तेव्हा कर्णधारपद पुण्याचे दिनकर बळवंत देवधर यांना देण्यात आले. देवधर त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. शिवराम व विठ्ठल हे दोघेही त्यांना ज्येष्ठ होते. ज्येष्ठता डावलण्याचे कारण केवळ जात आहे आणि हा आपल्या समाजाचा अपमान आहे, असे जाहीर निवेदन काढून दोन्ही भावांनी संघातून अंग काढून घेतले. एखाद्या सामाजिक अन्यायाच्या निषेधार्थ खेळाडूंनी खेळण्यास नकार देण्याचे भारतातील हे फार जुने उदाहरण आहे.

या निषेधाला हिंदू समाजातील अनेकांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या असहकार चळवळीला प्रारंभ झाला होता आणि तिच्याबरोबर अस्पृश्यता निवारणाचा विचारही सार्वजनिक चर्चेत आला होता. अखेर तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, शिवराम व विठ्ठल संघात आले, आणि बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले व संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत मिळालेले नेतृत्व एवढेच. त्यांचे प्रथम श्रेणी क्रिकेट याच हंगामात संपले.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाचे कर्णधार म्हणून निवड झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्याच वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवण्यात आले. बाळूंसाठी जे दार कधी उघडले नाही, ते त्यांच्या धाकट्या भावासाठी उघडले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंच्या अनुभवांची माहिती देणारा हा महत्त्वाचा मराठी ग्रंथ आहे.

गोलंदाजीची शैली

बाळू डाव्या हाताने मंद गतीची फिरकी टाकत. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, टप्पा आणि गती यांत सतत बदल करणे आणि दीर्घकाळ न थकता अचूक मारा करणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. त्यांच्या काळातील प्रसिद्ध इंग्लिश डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना केली जाई.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी, प्रत्येकी सरासरी १५.२१ धावांत मिळवले आणि ७५३ धावा केल्या. हे आकडे पाहताना त्या काळची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. भारतात तेव्हा वर्षाकाठी प्रथम श्रेणीचे मोजकेच सामने होत. त्यामुळे पंधरा हंगामांच्या कारकिर्दीतील दर पाच बळींपैकी दोनांहून अधिक बळी त्यांनी इंग्लंडमधील एका उन्हाळ्यात घेतले आहेत. पुण्याच्या जाळीत टाकलेले चेंडू, पुणे व मुंबईचे स्थानिक सामने आणि रेल्वेच्या संघाकडून खेळलेले सामने या आकड्यांत येत नाहीत. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला. बाळू त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते.

राजकीय कार्य

क्रिकेटमुळे लाभलेल्या प्रतिष्ठेमुळे बाळू मुंबईतील अस्पृश्य समाजाचे एक प्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अस्पृश्यांना विधिमंडळात स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, हा प्रश्न ऐरणीवर आला. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूचे होते. मद्रासचे नेते एम. सी. राजा यांनी १९३२ मध्ये हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघांचा करार केला. बाळू राजा यांच्या गटात होते.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर करून स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. त्या वेळच्या वाटाघाटींत बाळूंनी भाग घेतला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. या कराराने स्वतंत्र मतदारसंघ रद्द होऊन संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा वाढवून मिळाल्या.

१९३३ साली हिंदू महासभेतर्फे मुंबई महानगरपालिकेची निवडणूक त्यांनी लढवली, परंतु त्यांचा पराभव झाला. १९३५ मध्ये येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू धर्मात राहूनच सुधारणा व्हावी, या मताचे असल्याने बाळूंनी तिला विरोध केला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईतील राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लढत होते. मतमोजणीत आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दोन हजारांच्या फरकाने बाळू पराभूत झाले.

या दोघांच्या पार्श्वभूमीत मोठे साम्य होते. दोन्ही कुटुंबे मूळची कोकणातील, दोन्ही अस्पृश्य आणि दोन्हींना लष्करी नोकरीने गावाबाहेर काढलेले. मात्र त्यांचे निष्कर्ष भिन्न होते. आंबेडकरांनी अधिकारांसाठी संघर्षाचा मार्ग पत्करला. बाळूंना, ज्या संघात त्यांना बाहेर चहा घ्यावा लागला त्याच संघात हळूहळू एका पंक्तीला जागा मिळाली होती. हिंदू समाज आतून बदलू शकतो, या त्यांच्या मताचा त्या अनुभवाशी संबंध जोडला जातो. त्याच अनुभवात कर्णधारपदाचा नकारही होता. त्यामुळे त्यांच्या राजकीय भूमिकेचे मूल्यमापन अभ्यासकांत वेगवेगळ्या रीतींनी झाले आहे.

निधन व स्मरण

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर दीर्घकाळ त्यांचे नाव विस्मरणात गेले. स्वतंत्र भारतात धर्मसमूहांवर आधारलेल्या स्पर्धा बंद झाल्या होत्या आणि कसोटी क्रिकेटच्या इतिहासात १९३२ पूर्वीच्या खेळाडूंना फारसे स्थान उरले नव्हते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथात बाळूंच्या जीवनाला मध्यवर्ती स्थान दिले. तेव्हापासून खेळ, जात आणि वसाहतवाद यांच्या अभ्यासात पालवणकर बंधूंचा उल्लेख नियमितपणे होऊ लागला. २००१ च्या 'लगान' या हिंदी चित्रपटातील अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या व्यक्तिरेखेची तुलनाही अनेकदा बाळूंशी केली जाते.

महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणारा मुलगा ते इंग्लंडमधील मैदानांवर आपल्या संघाचा प्रमुख गोलंदाज, असा बाळूंचा प्रवास सुमारे दोन दशकांचा आहे. या काळात त्यांच्या गोलंदाजीबद्दल कोणी शंका घेतली नाही. वाद झाला तो त्यांनी कोठे बसावे, कोणाबरोबर जेवावे आणि कोणाला आज्ञा द्यावी याबद्दल. त्यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर त्यांच्या हयातीत, त्यांच्या खेळाच्या बळावर बदलले. तिसऱ्याचे उत्तर बदलले तेव्हा ते मैदानावरून निवृत्त झालेले होते.